बद्रीनाथचं चूलबंद आवतन

बद्रीनाथला कुणी सहज "काय चाललंय?" असं विचारलं, तर तो "सगळ्यांना धरून चाललंय" असं सांगतो. बैलं पाण्यावर नेताना हेच, मयताला खांदा द्यायला निघाला तरी हेच. कड्याच्या बाजारातून मेथीची जुडी घेऊन येताना त्याचा चेहरा असा असतो, की सगळ्या तालुक्याला भाजी वाटून उरलेली तेवढी त्यानं घरी आणलीय.

गावाला मात्र एक ठाऊक आहे. बद्रीनाथनं जे जे धरलं, ते पुन्हा सुटलं नाही. शेजारच्या रानाचा बांध त्यानं धरला. दरसाल नांगराचं एक तास, म्हणजे एक ओळ, पलीकडं सरकवत सरकवत असा धरला, की बांधावरची बाभळ आता त्याच्या कपाशीच्या मधोमध उभी आहे आणि आपण इथं कशा आलो याचं तिलाच नवल वाटत असावं. देवळामागचा बोळ त्यानं धरला, तिथं त्याची ट्रॉली उभी असते. गावाच्या उकिरड्याची जागा धरली, तिथं त्याच्या कडब्याची गंज आहे. सामावून घेणं हा त्या घराण्याचा पिढीजात गुण. त्यामुळं बीडला एका संस्थेच्या शिबिराला जाऊन तो "सर्वसमावेशक विकास" हा शब्द ऐकून आला, तेव्हा आपण काही नवीन शिकलो असं त्याला वाटलंच नाही. आपल्या धंद्याला इतकं देखणं नाव आहे, आणि हे आजवर कुणी कळू दिलं नाही, याचाच त्याला राग आला.

शिबिरातून त्यानं एक कापडी पिशवी, एक पेन आणि तो शब्द आणला. पेन आठवड्यात वाळलं. पिशवीत छबुबाईनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, वाळल्या मिरच्या भरून ती खुंटीला अडकवली. शब्द मात्र गावाच्या मानगुटीवर बसला. डेअरीत दुधाला फॅट कमी लागली की बद्रीनाथ म्हणायचा, "ही डेअरी सर्वसमावेशक न्हाई." फॅट कमी का लागली, तर बद्रीनाथनं दुधात पाण्यालाही सामावून घेतलं होतं; पण एवढं तोंडावर बोलणार कोण?

बोलणारी एक होती. बायनाबाई. ती नवऱ्यासोबत दर दिवाळीला ऊसतोडीला जाते आणि गुढीपाडव्याच्या आगंमागं परत येते. परत आल्या आल्या तिला बद्रीनाथ पारावर भाषण करताना दिसला. "गावातला एकबी माणूस मागं ऱ्हाता कामा न्हाई," असं तो चार म्हाताऱ्यांना आणि एका शेळीला सांगत होता.

"बद्रीभाऊ," बायनाबाई डोक्यावरचं बोचकं न उतरवताच म्हणाली, "आमी निम्मं वरीस गावात नसतो. तवा आमाला कोण धरतंय?"

"तुमालाबी मनानं धरलेलंच हाय की, बायनाबाई."

"मनानं धरा. पर आमच्या दारापुढली जागा हातानं धरलीया, ती तेवढी सोडा."

म्हातारे हसले. शेळीनं काही मत दिलं नाही. बद्रीनाथही हसला, कारण टोमणा लागला तर आपण लहान ठरतो, म्हणून कुठलाच टोमणा लावून न घेण्याचा त्याचा नेम आहे.

त्या संस्थेचा एक मान होता. ज्या गावात कुणीच मागं राहिलेलं नाही, अशा गावाच्या वेशीत संगमरवरी पाटी बसणार. वर गावाचं नाव, खाली ज्याच्या पुढाकारानं हे घडलं त्याचं. बद्रीनाथला वरची ओळ कधी दिसलीच नाही. खालची ओळ दिसली, आणि ती ओळ वाचणारे अमरसिंहदादा दिसले. अमरसिंहदादा म्हणजे तालुक्याचे पुढारी. पंचायत समितीला कुणाला उभं करायचं ते त्यांच्या हातात. वेशीतून जाताना दादा गाडीची काच खाली करतील, पाटी वाचतील आणि म्हणतील, "अरे, हाच माणूस पाहिजे." बद्रीनाथ जेवता जेवता घास हातात धरून ती पाटी वाचत बसायचा. मग छबुबाई ओरडायची, "गिळा की आता! त्या भाकरीवर काय लिव्हलंय?"

सगळं जमल्यासारखं होतं. एक गोष्ट सोडून. बद्रीनाथच्या घराला मागचं दार होतं.

मागच्या दारी, म्हशीच्या गोठ्याला टेकून पत्र्याचं एक छप्पर होतं, आणि त्या छपरात वनमाला राहायची. वनमाला म्हणजे बद्रीनाथच्या धाकट्या भावाची, सोमेश्वरची बायको. सोमेश्वर कड्याच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉलीखाली गेला. त्याचं वर्षश्राद्ध आटोपलं, आणि "हिची भाकरी जाड असती" एवढ्या मोठ्या अपराधाबद्दल छबुबाईनं जावेची भांडी मागच्या दारात नेऊन ठेवली. वनमालानं तीन दगड मांडले, माती लिंपली, आणि तेव्हापासून ती तिथंच शिजवून खायची. मुलगी राजनंदिनी अंबाजोगाईला नर्सिंग शिकायला. तिच्यासाठी वनमाला दुसऱ्यांच्या रानात खुरपायला जायची, आणि ज्या विहिरीकडच्या तुकड्यावर सोमेश्वरचा निम्मा वाटा, तिथं बद्रीनाथचा कांदा डोलत असायचा.

वनमालानं वाटा मागितला होता. सरळ नव्हे. धाकट्या भावाच्या बायकोनं भायाशी, म्हणजे थोरल्या दिराशी, तोंडावर बोलायचं नाही ही इकडची रीत. म्हणून ती गोठ्यातल्या चंद्री म्हशीशी बोलायची. बद्रीनाथ ओट्यावर दात घासत असला की मागून आवाज यायचा, "चंद्रे, सांग तुझ्या मालकाला, सोमेश्वरच्या लेकीला शिकायचंय. विहिरीवरचा तुकडा वायला करा म्हणावं."

बद्रीनाथही मग म्हशीकडं बघून उत्तर द्यायचा. "चंद्रे, घर फोडायची भाषा करू नगं म्हणावं. घर एक, चूल एक. आमी सगळ्यांना धरून चालतो."

चंद्री रवंथ करायची. एवढे निरोप पोचवून त्या घरात शहाणी राहिलेली ती एकटीच.

आता यात मेख काय होती, ती बाहेरच्याला सांगावी लागेल. या गावात जेवणाचं आवतन दोन तऱ्हेचं. एक घरटी एक माणूस. दुसरं चूलबंद. चूलबंद म्हणजे त्या दिवशी घरातल्या सगळ्यांनी जेवायला यायचं, लेकराबाळांनी, म्हाताऱ्याकोताऱ्यांनी, पाव्हण्यारावळ्यांनी. घरची चूल पेटवायचीच नाही. हे आवतन द्यायला आदल्या दिवशी खंडोबाचा गुरव रामहरी दारोदार जातो, उंबऱ्यावर सुपारी ठेवतो आणि म्हणतो, "उद्या तुमची चूल बंद." जितक्या चुली तितक्या सुपाऱ्या. भाऊ भाऊ वेगळे झाले की वाटणीचे कागद होतील तेव्हा होतील. गाव आधी बघतं ते नव्या उंबऱ्यावर सुपारी पडली का. पडली, तर ते घर वेगळं. नाही पडली, तर दहा चुली पेटू देत, घर एकच.

वनमालानं शेवटी वाटणीसाठी अर्ज केला आणि त्यावर तलाठी चौकशीला आला, तेव्हा त्यानं पारावरच्या म्हाताऱ्यांना हेच विचारलं होतं. म्हातारे म्हणाले, "सुपारी एकाच उंबऱ्याला पडती. आमी काय सांगणार, साहेब?" तलाठी चहा पिऊन गेला. चहा अर्थातच बद्रीनाथचा. म्हणजे वनमालाचं सगळं अडलं होतं ते एका सुपारीपाशी. आणि ती सुपारी मागच्या दाराला पडू नये एवढ्यासाठी बद्रीनाथ घरातलं प्रत्येक आवतन स्वतः ओट्यावर उभा राहून घ्यायचा. बाकी वेळी पाव्हणा आला तरी न उठणारा माणूस.

अशात संस्थेच्या सत्यशीला मॅडम गाव बघायला आल्या. गाव त्यांनी थोडंच बघितलं, कारण मधे सगळीकडं बद्रीनाथ उभा होता. ओट्यावर चहा झाला. मॅडम मऊ आवाजात टोकदार प्रश्न विचारणाऱ्या.

"गावात एकट्या राहणाऱ्या बायका असतील ना? विधवा, टाकलेल्या? त्यांचं घर तुम्ही वेगळं मोजता, की कुणाच्या तरी घरात ढकलून देता?"

"हॅ!" बद्रीनाथनं छाती फुगवली. "मॅडम, आमच्याकडं एकटी बाई आसली तरी तिची चूल ती चूल. पुरी चूल धरतो. अर्धी न्हाई का पाव न्हाई!"

भिंतीपलीकडं गोवऱ्या थापण्याचा आवाज चालू होता, तो मधेच थांबला.

"छान," मॅडम म्हणाल्या. "पण हे आम्हाला दिसायला हवं. बोलतात सगळेच."

इथं बद्रीनाथनं गप्प बसायला हवं होतं. पण गप्प बसायचं म्हणजे दुसऱ्याला बोलायला जागा द्यायची, आणि जागा सोडणं त्याच्या रक्तात नाही. तो म्हणाला, "दिसणारच! गावाला चूलबंद जेवण घालतो. यजमान मी. त्या दिवशी गावात एकबी चूल पेटणार न्हाई. तुमी देवळाच्या गच्चीवर उभ्या ऱ्हावा, अमरसिंहदादालाबी बोलावतो. धुराची काडी जरी दिसली, तर पाटी नगं आमाला!"

मॅडमना ही कल्पना इतकी आवडली, की त्या ती पुन्हा पुन्हा सांगायला लावत होत्या. बद्रीनाथलाही आवडली. बाजरीचं पीठ कुणाकडून, गूळ कुणाकडून, गहू, डाळ, जळण कुणाकडून, हे त्यानं पारावर बसून ठरवून टाकलं. शिधा सगळ्या गावाचा आणि यजमान बद्रीनाथ. सर्वसमावेशक म्हणजे आणखी वेगळं काय असतं?

आवतनाच्या दिवशी तो रामहरीसोबत हातात मोबाइल घेऊन फिरला. सुपारी उंबऱ्यावर पडली, की बद्रीनाथ तिच्या बाजूला वाकून फोटो काढून घ्यायचा. बायनाबाईच्या दाराशी फोटो काढला. माळावर मेंढरं बसवलेल्या धनगरांच्या पालापुढं सुपारी ठेवली, तिथं फोटो काढला. वीटभट्टीवर काढला. गावाबाहेर पुलाखाली एक वेडा बसतो, त्याला चूलच नाही. तर दगडावर सुपारी ठेवून त्याच्यासोबत काढला. वेड्यानं सुपारी खाऊन टाकली. गावात त्या दिवशी बद्रीनाथपासून सुटलं असं काही राहिलंच नाही.

शेवटी तो आपल्या घरी आला. रामहरीनं पुढच्या उंबऱ्यावर सुपारी ठेवली, छबुबाईला म्हणाला, "उद्या तुमची चूल बंद." मग पिशवीत चाचपडत म्हणाला, "मालक, मागल्या दाराला ठिवू का?"

"मागलं दार कुणाचं बे?"

"न्हाई, तिथं चूल दिसतीया म्हणून म्हणलं."

"तुला चूल दिसती, मला घर दिसतंय. घर एक, चूल एक. तू कावून लोकाच्या घरात पाचर मारतो? चल, पुढं हो."

"बरं," रामहरी म्हणाला. त्याचं ते "बरं" फार साधं असतं. लग्नातही तसंच, मयतातही तसंच. त्यावरून काही कळत नाही.

गोठ्यातून आवाज आला, "चंद्रे, ऐकलंस का? वेड्याची चूल धरली, पालावरली धरली. आपुन तेवढ्या न्हाई." मग पुढं, "बरं झालं. आपल्याला कुणी बंद कर म्हणलं न्हाई. आपुन पेटवायला मोकळ्या."

बद्रीनाथनं ऐकलं. पण त्याला त्यातला धोका कळला नाही. बाई म्हशीशी बोलतेय, एवढंच त्याला कळलं.

जेवणाच्या दिवशी खंडोबाच्या पटांगणात सकाळपासून आमटी रटरटत होती. लापशीच्या कायलीत फावड्याएवढ्या झाऱ्यानं दोघं जण ढवळत होते, आणि त्यांना कसं ढवळायचं ते बद्रीनाथ सांगत होता. फेटा बांधलेला, कपाळावर गुलाल. गाव झाडून आलं होतं. ऊसतोडीवरून परतलेली बिऱ्हाडं आली, धनगर आले, पुलाखालचा वेडा सगळ्यांच्या आधी येऊन पंगतीत पहिला बसला होता. ऊन चढलं, पत्रावळी पडल्या, लोक ओळीनं बसले. आता नैवेद्य दाखवला की वाढायला सुरुवात.

बद्रीनाथ अमरसिंहदादांना आणि मॅडमना घेऊन देवळाच्या गच्चीवर गेला. चैत्रातली दुपार, वारा पडलेला. सगळं गाव खाली पसरलेलं. कौलं, पत्रे, कडुलिंब.

"बघा मॅडम. बघा दादा. सगळं गाव धरून हाय का न्हाई? दिसती का कुटं धुराची काडी?"

काडी दिसत नव्हती. खांब दिसत होता.

पांढराभुरका, जाडजूड, सरळ आभाळात चढलेला धुराचा खांब. कपाशीच्या ओल्या पऱ्हाट्यांवर अर्धवट वाळलेल्या गोवऱ्या ठेवल्यावर निघतो तसा. बद्रीनाथनं आधी त्याखालचं कडुलिंबाचं झाड ओळखलं, मग पत्रे ओळखले. स्वतःचं घर माणसाला वरून जरा उशिरा ओळखू येतं.

"ते काय आहे?" मॅडमनी विचारलं.

"ते... ते डासाला धूर केलेला आसंल. गोठ्यात."

खाली पंगतीतून बायनाबाईनं मान वर केली. "भर दुपारी डास, बद्रीभाऊ? का डासालाबी चूलबंद दिलं हुतं, अन् ते जेवाया आले न्हाईत?"

पंगत हसली. पण ते हसणं पोटभरल्या माणसांचं नव्हतं. तेवढ्यात रामहरीनं नैवेद्याचं ताट खाली ठेवलं.

"काय झालं बे?" बद्रीनाथ वरूनच ओरडला.

"चूलबंद बोललंय, मालक. गावात चूल पेटलेली आसताना निवद दावत न्हाईत. माझ्या बापानं दावला न्हाई, आज्यानं दावला न्हाई."

"आरं पर समद्या चुली बंद केल्या की!"

"दिसतंय की," रामहरी म्हणाला, आणि देवळाच्या खांबाला टेकून बसला.

उपाशी माणसांपुढं विकासाचं बोलून काही उपयोग नसतो. लोकांनी सकाळपासून चुली पेटवल्या नव्हत्या, पोरं रडायला लागली होती, आणि पुढ्यात गुळाचा वास सुटलेला. मघाशी जे बद्रीनाथला रामराम घालत होते, तेच आता पत्रावळीचा वारा घेत एकमेकांना ऐकवत होते.

"सगळं गाव धरलं, घरच सुटलं."

"सुटलं न्हाई. धरूनच ठिवलंय. म्हणून तर धूर निगतोय."

बद्रीनाथनं छबुबाईला पिटाळलं. ती ठसक्यात गेली आणि घामाघूम होऊन परत आली. सगळ्यांसमोर बोलू नये एवढं तिला कळत होतं, पण आवाज बारीक करता येत नव्हता. "इझव म्हणलं चूल. तर म्हणती, जाऊबाई, मला आवतन न्हाई. म्हणलं, आमाला आलंय त्यात तू आलीस. तर म्हणती, त्यात आले तर विहिरीच्या पाण्यातबी येऊ द्या की! आता काय बोलू मी तिला?"

विहिरीचं नाव निघालं की या मुलखात माणसं चमचा खाली ठेवून ऐकतात. इथं तर चमचाही नव्हता.

मग सगळेच निघाले. पुढं मॅडम, मागं दादा, मागं रामहरी, आणि पंगत सोडून उठलेलं सगळं गाव. बद्रीनाथ मधेच कुठंतरी, स्वतःच्याच घराकडं ढकलला जात होता.

छपरात वनमाला डोक्यावर पदर घेऊन शांतपणे भाकरी थापत होती. धुरानं तिचे डोळे लाल झालेले, पण हात थांबत नव्हता. भाकरी होती मात्र जाड. छबुबाईचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं.

"या कोण?" मॅडमनी विचारलं.

"आमच्या घरातल्याच," बद्रीनाथ म्हणाला.

"मग जेवायला का येत नाहीत?"

वनमालानं भाकरी तव्यावर टाकली. मान वर न करता ती म्हणाली, "चंद्रे, सांग बाईला. एकट्या बाईची चूल इथं पुरी धरत्यात. अर्धी न्हाई का पाव न्हाई. पर तिला सुपारी पडावी लागती."

मॅडमना बद्रीनाथच्या ओट्यावर चहा पिताना ऐकलेलं वाक्य आठवलं असावं. त्यांनी बद्रीनाथकडं बघितलं. अमरसिंहदादांनी घड्याळाकडं बघितलं.

"रामहरी, ठिव बे सुपारी, मिटव एकदाचं," बद्रीनाथ दातांतून म्हणाला. गुरवानं घाईत टाकली तर पुढं 'चुकून पडली' म्हणता येईल, एवढा हिशेब त्या घामातही त्याच्या डोक्यात चालला होता.

रामहरीनं मान हलवली. "पंगत बसल्याव ऱ्हायलेल्या चुलीला गुरव जात न्हाई, मालक. यजमानानं जायचं. सवता सुपारी ठिवायची, सवताच्या तोंडानं बोलायचं."

यजमान! केवढ्या हौसेनं त्यानं ते अंगावर घेतलं होतं. आता ते अंगाला चिकटलं होतं. बद्रीनाथच्या एका डोळ्यापुढं वेशीतली पाटी होती आणि दुसऱ्यापुढं विहिरीकडचा कांदा. माणसाला डोळे दोन असले तरी नजर एकच, हे त्याला त्या दिवशी समजलं. त्यानं सुपारी हातात घेतली आणि वळून पुढच्या दाराकडं निघाला.

"त्या उंबऱ्याला काल पडलीया," रामहरी म्हणाला.

तो परत फिरला. उंबऱ्यापर्यंत न जाता त्यानं लांबूनच सुपारी भिरकावली. ती पत्र्याला आपटली, घरंगळली आणि चंद्रीच्या गव्हाणीत गेली. चंद्रीनं हुंगली आणि फुर्रर केलं.

"म्हशीच्या गव्हाणीला आवतन चालत न्हाई," रामहरी म्हणाला, आणि पिशवीतली दुसरी सुपारी त्याच्या हातावर ठेवली. मागून कुणीतरी म्हणालं, "आटप की बद्रीनाथ, लापशी वाळून काय विटा पाडायच्या का?" पोरांची रड वाढली. पुलाखालचा वेडाही गर्दीत होता आणि रिकामी पत्रावळ डोक्यावर धरून नाचत होता.

बद्रीनाथ वाकला. तीन दगडांपुढच्या त्या मातीच्या उंबऱ्यावर त्यानं सुपारी ठेवली आणि गळ्यातल्या गळ्यात काहीतरी पुटपुटला.

"चंद्रे," वनमाला म्हणाली, "तुला ऐकू आलं का? मला तर न्हाई आलं."

"चूल बंद," बद्रीनाथ जरा मोठ्यानं म्हणाला.

"कुणाची, ते इचार. तुझी का माझी?"

गर्दीत कुणीतरी फिस्सकन हसलं. अमरसिंहदादाही हसले, आणि तेच बद्रीनाथच्या जास्त वर्मी लागलं. तो ओरडला. जन्मभर भाषणं केली, पण त्याचा आवाज एवढा सरळ कधी निघाला नव्हता. "वनमालाबाई! सोमेश्वरची चूल! आज तुमची चूल बंद हाय! या जेवायला!"

वनमालानं तव्यावरची भाकरी उतरवली. तांब्यातलं पाणी विस्तवावर ओतलं. चर्रर झालं, धुराचा शेवटचा लोळ बद्रीनाथच्या फेट्यात शिरला. तिनं सुपारी उचलली, पदराच्या शेवाला गाठ मारून बांधली आणि पहिल्यांदा उभी राहिली. मॅडमनी नेमका त्याच वेळी फोटो काढला. फोटोत बद्रीनाथ हात जोडून वाकलेला आहे. तो खोकत होता, पण फोटोत ते नम्र दिसतं.

पंगतीत वनमाला बायनाबाईशेजारी बसली. तिनं लापशी पुन्हा मागून घेतली, आणि वाढणाऱ्याला म्हणाली, "वरनं तूप वाढ. चूलबंद हाय."

पाटी बसली. हो, बसली. मॅडमना वाटलं, राहिलेली चूल शेवटच्या क्षणी सामावून घेणारा यजमान त्यांनी कुठं बघितलाच नव्हता. त्यांच्या छापील पुस्तिकेत तो वाकलेला फोटो आला आणि खाली बद्रीनाथच्या मनाच्या मोठेपणाबद्दल चार ओळी आल्या. अमरसिंहदादांनी मात्र पंचायत समितीला दुसराच माणूस उभा केला. "ज्याला घरच्या चुली मोजता येत न्हाईत, तो मतं काय मोजणार?" असं ते म्हणाले म्हणतात. आणि पाटीवर बद्रीनाथचं नाव आहे, पण तिच्यापुढं कुणीतरी कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून ठेवतं. कोण करतं ते गावाला ठाऊक नाही. जागा मोकळी दिसली की धरायची, हे गाव त्याच्याकडूनच शिकलं.

तलाठी पुन्हा आला. चहा या वेळी रामहरीच्या दारात झाला. म्हाताऱ्यांना विचारलं, "बद्रीनाथच्या घरात चुली किती?"

"दोन," म्हातारे म्हणाले. "एक तर त्यानंच बंद केली, समद्या गावाम्होरं. आमी उपाशी बसून बघितलंय, साहेब. उपाशी माणूस खोटं बोलत न्हाई."

विहिरीकडचा तुकडा निम्मा झाला. कांदा निघाल्यावर खुणेचे दगड रोवले गेले. पहिल्या पावसाळ्यात बद्रीनाथचा नांगर सवयीनं एक तास पलीकडं गेला, तेव्हा बायनाबाई बांधावर उभी राहून खोकली. तेवढ्यानं भागलं.

वाटणीत भांडीकुंडी, पेटारा, बाजा यांची ओढाताण झाली. चंद्रीबद्दल छबुबाई अडून बसली होती, पण चंद्रीच वनमालाशिवाय पान्हा सोडेना, म्हणून तीही मागच्या दाराची झाली. आता रोज सकाळी वनमाला तिला घेऊन पुढच्या अंगणातून जाते, ताठ मानेनं, विहिरीकडं. बद्रीनाथ ओट्यावर दात घासत बसलेला असतो. आधी ती त्याच्याशी म्हशीच्या तोंडून बोलायची. आता बोलण्यासारखं काही उरलं नाही; चंद्रीही त्याच्याकडं बघत नाही.

कुणी वाटसरू विचारतो, "काय बद्रीनाथराव, काय चाललंय?"

"सगळ्यांना धरून..." असं म्हणत तो गेलेल्या म्हशीच्या शेपटाकडं बघतो, आणि चूळ भरून थुंकतो.